दादासाहेबांच्या कानावर घातलंय

नेर्लेकर कास्टिंग्जचा नवा कार्यकारी संचालक कोण, हे कंपनीच्याच एका यंत्राला विचारून ठरवायचं असं नक्की झालं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद हेमांगी सरनाईकला झाला. तो होणारच. यंत्र तिनेच तर बनवलं होतं.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत नेर्लेकरांचा ओतकामाचा कारखाना होता. बैलगाडीच्या चाकाला मधोमध जसा तुंबा असतो, तसे पवनचक्क्यांचे खोलीएवढे लोखंडी तुंबे तिथे ओतले जात. कारखान्याचे मालक दादासाहेब पंच्याहत्तरीला आले होते. त्यांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि डॉक्टरांनी आता घरी बसा म्हणून सांगितलं होतं. खुर्चीला दोन दावेदार होते. एक त्यांचा पुतण्या रणधीर. तो विक्री सांभाळायचा, उंचापुरा, हसतमुख, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. दुसरी हेमांगी. उत्पादन तिच्याकडे होतं आणि दादासाहेब इस्पितळात होते त्या काळात तर अख्खा कारखानाच तिने चालवला होता.

"असं आहे बघा, हेमांगीताई," दादासाहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं. "मी रणधीरचं नाव घेतलं तर गाव म्हणणार, म्हाताऱ्यानं सगळं घरातच ठेवलं. तुमचं घेतलं तर भावकी माझ्या दारात ठाण मांडणार. तुमच्या त्या ओघालाच विचारू की. त्याला ना भाऊ ना भावकी."

हेमांगीने त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. ईशानी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. "आई, तू एमडी झालीस ना, की मी अख्ख्या होस्टेलला पेढे वाटणार," ती ओरडलीच. हेमांगी म्हणाली, अगं, अजून कशात काही नाही. पण मनातल्या मनात तिने पेढ्यांचं दुकानसुद्धा ठरवून टाकलं होतं, हे कबूल करायला हवं.

ओघ म्हणजे काय, ते सांगायला हवं. ओतकामात एक जुनी भीती असते. वितळलेलं लोखंड साच्यात शिरतं, वळणं घेत पुढे जातं आणि एखाद्या पातळ जागी, पोहोचायच्या आधीच थंड पडतं. वस्तू वरून गुळगुळीत दिसते, पण आत जोड कच्चा राहतो आणि पुढे कधीतरी तिथेच तडा जातो. म्हणून ओतण्याआधी तो साचा संगणकात उभा करतात, त्यात आकड्यांचं लोखंड सोडतात आणि ते कुठे अडतंय ते बघून घेतात. हेमांगीचं अर्धं आयुष्य यात गेलं होतं. एकदा तिची एक साधी सूचना भट्टीपर्यंत पोहोचायला आठवडा लागला. ती भयंकर चिडली, आणि त्या चिडण्यातूनच तिच्या डोक्यात आलं की माणसाचा शब्दही असाच वाहतो. वरून गरम निघतो, माणसामाणसांतून जातो आणि मध्ये कुठेतरी थंड पडतो.

मग तिने कारखान्यातल्या माणसांचीच प्रतिकृती संगणकात उभी केली. कोण काय बोलतंय ते ओघ ऐकत नसे. तो नुसती हालचाल टिपायचा. निरोप कधी निघाला, काम कधी सुरू झालं, मध्ये कुणी कुणाला परत विचारलं, बैठक संपल्यावर कोण कुणाच्या मागे गेलं. एवढ्यावरून त्याला प्रत्येक माणसाचं वजन कळे. उद्या अमुक बदल केला तर काय होईल, असं विचारलं की तो पुढची पाच वर्षं चालवून दाखवायचा. कामगारांचा संप त्याने आधी सांगितला होता. माल देणारा एक जुना व्यापारी हात वर करणार, हेही सांगितलं होतं. ओघ चुकत नाही, हे बँकेला पटवून द्यायला हेमांगी स्वतः मुंबईला गेली होती.

निकाल आला तेव्हा खोलीत चौघंच होती. दादासाहेब, रणधीर, हेमांगी आणि बँकेतर्फे संचालक मंडळावर आलेल्या शैलजा उपाध्ये. पडद्यावर दोन रेषा होत्या. रणधीरच्या हाताखाली कारखाना पाच वर्षांत बेताचा वर चढत होता. हेमांगीच्या हाताखाली तो पहिल्याच वर्षी खाली येत होता आणि नंतर तिथेच रखडत होता.

रणधीर मुळात वाईट माणूस नव्हता. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, मशीनच आहे. परत एकदा चालवून बघू या."

"बघते," हेमांगी म्हणाली.

ओघाचं पोट उघडून ती चूक शोधायला बसली. चूक असणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिच्या निर्णयांत खोट दिसत नव्हती. रणधीरच्या निम्म्या निर्णयांपेक्षा ते सरस आहेत, हे ओघच सांगत होता. पण तिचा शब्द तिच्या टेबलावरून निघाला की प्रत्येक वळणावर थोडा थोडा थंड पडत होता. माल देणारे व्यापारी तिच्या मागणीला होकार देऊन दोन दिवस थांबत. साचेवाले तिच्या सूचनेनंतर एकमेकांना फोन करत. आणि या सगळ्या धाग्यांची टोकं एकाच जागी जाऊन मिळत होती. ती जागा होती दादासाहेबांची इस्पितळातली खोली.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. दादासाहेब आजारी असताना, त्यांना आपण अडगळीत पडलो असं वाटू नये म्हणून, ती प्रत्येक आदेशाच्या सुरुवातीला एक वाक्य टाकायची: दादासाहेबांच्या कानावर घातलंय. खरं तर निम्म्या वेळा तिने ते घातलेलंही नसे. वडीलधारा माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, त्याचा मान राहावा, एवढाच तिचा हेतू. घरात सासऱ्यांच्या बाबतीत ती हेच करत आली होती आणि तिची आईसुद्धा हेच करत आली होती. कारखान्यात मात्र त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांनी सरळ लावला. कानावर घातलंय तोवर बाईंचा शब्द खरा. वाक्य नसेल तेव्हा थोडं थांबावं.

ती तडक भट्टीवर गेली. बापू खोत तिथला मुख्य. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि तिच्या हाताखाली काम करण्यात त्याने कधी नाखुशी दाखवली नव्हती.

"बापू, खरं सांगायचं. मी काही सांगितलं की तुम्ही कुणाला विचारता?"

बापू डोक्यावरची टोपी मागेपुढे करत राहिला. "म्याडम, तुमचं कंदी चुकत न्हाई. पोरं बी मानत्यात तुमास्नी."

"ते झालं. विचारता कुणाला?"

"आता दादासायबांनी कानावर घ्यायचं सोडलंय म्हटल्यावर..." बापू हसला, "रणधीरसायबांच्या कानावर घालतो. मनाला बरं वाटतंय, दुसरं काय न्हाई. घरात बी बायकोनं सांगितलेलं पटतंयच की, पर एकदा थोरल्या भावाला इचारलेलं बरं असतंय."

त्याच्या आवाजात कुठेही तिरकसपणा नव्हता, आणि म्हणूनच हेमांगीला त्याच्यावर रागावता येईना. ती वर आली आणि तिने इस्पितळाच्या दिवसांची सगळी नोंद बाजूला काढून ओघ पुन्हा चालवला. रेषा वर आली. बोटभर. मग तिने इतर गावांतल्या, इतर धंद्यांतल्या कारखान्यांत वरच्या जागी असलेल्या बायकांची उसनी माहिती घालून तो चालवला. रेषा पुन्हा जागच्या जागी गेली. म्हणजे तिचं ते वाक्य हे कारण नव्हतंच. सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट तिने फक्त तोंडाने बोलून दाखवली होती.

आता पुढची गोष्ट तिने का केली? रागाच्या भरात, दुसरं काय. तिने एक तिसरा प्रयोग लावला. निर्णय सगळे हेमांगीचे, अगदी शब्दन् शब्द तिचा, फक्त खाली नाव रणधीरचं. ओघाने पाच वर्षं चालवून दाखवली आणि रेषा पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. रणधीरच्या रेषेपेक्षा ती कितीतरी वर होती. हेमांगी खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो! डोकं तेच, कारखाना तोच, माणसं तीच, बदललं ते फक्त नाव. हे पाहिल्यावर कोण शहाणा माणूस म्हणेल की दोष तिच्यात आहे? लाज वाटेल त्यांना, असं तिला वाटलं. माणसाला लाज वाटली की तो सुधारतो, यावर तिचा अजून विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी तिने तिसरी रेषा मंडळासमोर ठेवली. एकेक पायरी समजावून सांगितली, आवाज चढू न देता. "म्हणजे प्रश्न माझ्या पात्रतेचा नाही," तिने शेवटी सांगितलं. "प्रश्न आपल्या सवयीचा आहे. आणि सवय आपण बदलू शकतो. तुम्ही सगळे माझ्या मागे उभे राहिलात तर दोन-चार वर्षांत बदलेल."

दादासाहेबांनी तिन्ही रेषा एकेक करून पाहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. अवघड गणित सुटल्यावर उजळतो तसा.

"अहो, मग प्रश्नच मिटला की!" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय! खुर्चीत रणधीर बसेल. कारखाना तुम्ही चालवा. तुमचा शब्द खाली पडणार नाही, हा माझा शब्द. रणधीर, ताई लिहून देतील त्यावर मुकाट सही करायची. जमेल?"

"काका, मला तर बरंच," रणधीर म्हणाला. त्याने खरंच सुटकेचा श्वास सोडला होता. "मॅडमइतकं मला कुठं कळतंय?"

हेमांगीने मोठ्या आशेने शैलजाबाईंकडे पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बँकेचं कर्ज ओघाच्या भरवशावर आहे. ओघ म्हणतोय की ही सगळ्यांत चांगली मांडणी आहे. बँक याला नाही म्हणणार नाही."

बाहेर लिफ्टपाशी दोघीच उभ्या होत्या, तेव्हा शैलजाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या वरच्या साहेबांचे सगळे अहवाल मीच लिहिते. पंधरा वर्षं झाली. आम्ही फक्त त्याचा आलेख काढला नव्हता." लिफ्ट आली आणि त्या निघून गेल्या.

हेमांगी राजीनामा देऊ शकली असती. तिने तो विचार केला, अगदी शेवटपर्यंत केला. पण तिच्याच यंत्राने तिला सोडलं नाही. ओघ आता बऱ्याच कंपन्यांनी घेतला होता. तिने तीन ठिकाणी आपलं नाव घालून पाहिलं. तिन्ही ठिकाणी रेषा तशीच खाली आली. शिवाय उन्हाच्या विजेवर चालणारी नवी भट्टी तिला बसवायची होती. परदेशात आता कोळशाच्या विजेवर वितळवलेलं लोखंड कुणी हातात धरत नव्हतं. ती भट्टी आली नाही तर कारखान्याला कुलूप लागणार होतं आणि बापूसकट सगळे घरी बसणार होते. रणधीरला एकट्याला ते जमणार नव्हतं, हे रणधीरलाही माहीत होतं.

"काम तर तुझंच होणार ना?" नवरा म्हणाला. अविनाश कॉलेजात इतिहास शिकवायचा. भला माणूस. पानात भाजी वाढून घेत तो म्हणाला, "नावाचं काय एवढं? आपल्या माणसांत सगळ्यांना ठाऊकच असणार."

"कुणाला?"

"म्हणजे... आपल्याला."

या नव्या मांडणीच्या करारात गुप्ततेचं कलम होतं, तेव्हा आपल्या माणसांतही कुणाला सांगता येणार नव्हतं. ईशानीला तर तिने करारामुळे नव्हे, लाजेमुळे सांगितलं नाही. "मीच नको म्हटलं गं. फार धावपळ असते," असं ती फोनवर म्हणाली.

"आई, तू मागे का हटलीस?" ईशानीने विचारलं. "तू हटायला नको होतंस."

त्या एका वाक्याने हेमांगीला जेवढं लागलं, तेवढं त्या दोन रेषांनीही लागलं नव्हतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी रणधीर आणि त्याची बायको भट्टीपुढे पाटावर बसले. हेमांगी उत्पादनप्रमुख म्हणून पूजेचं ताट धरून उभी होती. गुरुजींनी संकल्पाला नाव विचारलं तेव्हा ते रणधीरचंच सांगितलं गेलं, त्यात काही चूक नव्हती. पूजा आटोपल्यावर बापू झेंडूच्या पाकळ्या झटकत तिच्याजवळ आला. नव्या भट्टीचा आदेश आदल्या आठवड्यात निघाला होता. सगळा तिने लिहिलेला. तासाभरात पाया खणायला सुरुवात झाली होती आणि कुणी कुणालाही काही विचारलं नव्हतं.

"म्याडम, काय डोकं हाय हो रणधीरसायबांचं!" बापू मनापासून म्हणाला. "आमास्नी वाटलं नव्हतं. भट्टीची खाच कुठल्या अंगाला ठेवायची, ह्ये बी लिवलंय बघा."

"हो," हेमांगी म्हणाली. "फार बारकाईने बघतात ते."

तिचा प्रत्येक शब्द आता न अडखळता खाली पोहोचत होता. ओघ ते सगळं टिपत होता आणि शिकत होता. रणधीरच्या नावाचं वजन महिन्यामहिन्याला वाढत गेलं. तिच्या स्वतःच्या नावाने आता फक्त रजेचे अर्ज आणि चहाच्या बिलांच्या मंजुऱ्या निघत, त्यामुळे तिच्या नावाचं वजन होतं तेही उतरत गेलं. वर्षाअखेरीस तिने पुन्हा एकदा आपलं नाव घालून पाहिलं. रेषा आधीपेक्षाही खाली होती. यंत्राचं भाकीत खरं ठरत होतं, आणि ते खरं ठरवायचं काम ती रोज नऊ ते सहा करत होती.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. रणधीरने एका परिषदेत, हेमांगीचं नाव न घेता, मोठ्या कौतुकाने सांगितलं की ओघ आता माणूस निवडत नाही, दोन माणसांची सांगड घालतो. एकाचं डोकं, एकाचं वजन. ऐकणाऱ्यांनी ती कल्पना उचलून धरली. कारण प्रत्येकाच्या कंपनीत अशी एक हुशार बाई होतीच, आणि तिचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. ओघाच्या पुढच्या आवृत्तीत ती सोय आली. तिला जोडी म्हणू लागले. बाईने आपली माहिती भरायची आणि ओघ तिला शोभेल असा पुरुष शोधून द्यायचा. त्याच्या नावाचं वजन भरपूर हवं आणि स्वतःची मतं बेताची. त्या सोयीचं गणित हेमांगीनेच लिहिलं. ते तिच्याइतकं चोख कुणी लिहिलंच नसतं. पेटंटवर नाव रणधीरचं लागलं. मंत्रालयाने अहवालात लिहिलं की निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग आता इतिहासात सर्वाधिक झाला आहे. ते खरंही होतं. खुर्च्यांमध्ये बसलेल्या बायका आधी मूठभर होत्या, त्याही आता दिसेनाशा झाल्या. त्यांना कुणी काढलं नाही. त्यांनी आपापली जोडी निवडली.

नवी भट्टी रात्रंदिवस चालू लागली. दादासाहेब समाधानाने गेले. जाण्याआधी हेमांगीचा हात हातात घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही कारखाना राखलात." खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

आणि एका रविवारी दुपारी ईशानीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा मावत नव्हता, इतकी ती हसत होती. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत तिला अगदी वरची जागा मिळाली होती. एवढ्या लहान वयात, तिच्या बॅचमध्ये पहिल्यांदा तिलाच.

"आई, जोडी पण लागली माझी! निनाद नाव आहे. इतका गोड आहे ना! मी लिहून देते तेवढंच बोलतो, मध्ये स्वतःचं एक अक्षर घालत नाही. आणि आवाज काय आहे त्याचा, सगळे गप्प बसून ऐकतात. काल माझी अख्खी योजना दहा मिनिटांत मंजूर झाली, माहितीये? दहा मिनिटांत!"

"छान," हेमांगी म्हणाली.

"तू असं तोंड करून का बसलीस? बरं नाही का तुला?"

"नाही गं. ईशू, ऐक..." तिने सुरुवात केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने सुरुवात केली. "तुझ्या स्वतःच्या नावाने गेलीस तर?"

ईशानी हसली. त्या हसण्यात राग नव्हता, नुसती माया होती. अडाणी माणसाबद्दल वाटावी तशी.

"मी बघितलं ना चालवून. रेषा कुठे जाते माहितीये? तळाला! कशाला हवाय तो ताप? तुझ्या वेळी ही सोय नव्हती, म्हणून तुला नाही म्हणावं लागलं. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. पण आता कळतं गं, किती अवघड गेलं असेल तुला एकटीला. आम्हाला सगळं तयार मिळालं." तिचे डोळे भरून आले होते. "आणि हे रणधीरकाकांनी शोधलं ना? त्यांना माझ्याकडून थँक्यू सांग हं. विसरू नकोस. सांगशील ना?"

हेमांगीने तोंड उघडलं. पोरीचा आनंदाने फुललेला चेहरा समोर होता आणि तिच्या मागे, भिंतीला टेकून, कुणीतरी एक देखणा मुलगा कागदावरून काहीतरी पाठ करत उभा होता.

"सांगते," ती म्हणाली. "घालते त्यांच्या कानावर."